काठावरचे खळगे

३ मार्च, सोमवार

दिलं! दादाने पाणी दिलं! सकाळी स्वतः उभं राहून धरणाचा दरवाजा उचलायला लावला आणि फोनवर ओरडला, "घे गं बाई, तुझ्या लाडक्यांची आंघोळ!"

दोन वर्षं त्याच्या मागे भुणभुण लावली होती. पट्टेरी मासा उरलाय तो या एका नदीत, आणि त्याने अंडी घालायच्या दिवसांतच धरणातून जेमतेम धार सुटते. धरण दादाच्या ताब्यात, मासे माझ्या ताब्यात — बहीणभावाचं भांडण सरकारी खर्चाने! यंदा त्याने भर बैठकीत शब्द टाकला म्हणे. "तोटा झाला तर माझ्या नावावर लिहा."

वहिनी म्हणाली, "आमच्या नळाला पाणी नाही आणि नणंदबाईंच्या माशांना पूर!" हसत म्हणाली. बहुधा.

८ मार्च, शनिवार

खळगेच खळगे! मादी शेपटीने गोटे बाजूला सारते, खळग्यात अंडी घालते, पुन्हा वर गोटे लोटते. इतके खळगे या नदीत मी कधीच पाहिले नव्हते. गुडघाभर पाण्यात उभी राहून एकटीच वेड्यासारखी हसत होते.

साहेबांना फोटो पाठवले. त्यांनी ते त्यांच्या साहेबांना पाठवले. दादाला कळवलं तर म्हणाला, "चला, माझी अब्रू वाचली."

१२ मार्च, बुधवार

कप्पाळ माझं!

पुलाजवळच्या एका खळग्याशी वाकले होते. शेजारच्या खडकावर लाल पट्टा दिसला — पाण्याखाली. गेल्या वर्षी मीच रंगवलेला, नदीचं नेहमीचं पाणी कुठवर असतं ते दाखवायला. आणि खळगा त्या पट्ट्यापेक्षा उंचावर! पुढचा बघितला. तोही वर. त्याच्या पुढचाही. संध्याकाळपर्यंत काठाकाठाने फिरले. सगळे वर. मोजून दोन-चार सोडले तर सगळे.

पट्टेरीला अंडी घालायला गुडघाभरच पाणी लागतं. हे मी लोकांना शिकवते, पगार घेते त्याचा! पाणी वाढलं, मधली धार खोल झाली, गुडघाभर पाणी काठाकडे सरकलं आणि मासेही त्याच्या मागोमाग. एरवी कोरडे पडलेले ते गोटे. पाणी उतरलं की अंडी उन्हात. पिल्लं बाहेर पडायला अजून आठवडा-दहा दिवस तरी हवेत.

पाणी मागितलंच नसतं तर थोडी का होईना, मधल्या धारेत घातली असती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मीच त्यांना काठावर बोलावलं.

१३ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. "उद्यापासून पाणी उतरवतो. चालेल ना?"

"हो, चालेल."

चालेल! जीभ झडली नाही माझी.

सांगून उपयोग काय पण? महिनाभर त्याचं एकच पालुपद — पाण्याची ओढाताण आहे, ओढाताण आहे. द्यायला पाणीच नाही म्हटल्यावर नुसता त्याच्या जिवाला घोर. आधीच त्याच्या ऑफिसात कुजबुज चालते, बहिणीच्या नादी लागून पाणी घालवलं म्हणून. कशाला दुखवायचं त्याला?

वाचायला बरं वाटतंय हे. खरं ते असं — फोटो वरपर्यंत गेलेत, शाबासकी आली आहे आणि मला ती परत करायची नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दादाने दिवसभर बोट-बोट पाणी उतरवलं. एकदम उतरवलं तर मासे डबक्यांत अडकतात — मीच शिकवलंय त्याला. सारखा फोन. "हळू आहे ना? कुणी अडकलं नाही ना?"

नाही अडकलं. मोठे मासे सगळे सुखरूप धारेत गेले. मी "छान चाललंय" म्हणत राहिले आणि दुपारी पुलाच्या पायऱ्यांवर बसून रडले.

१५ मार्च, शनिवार

बादली घेऊन गेले. खळग्यांवर पाणी ओतलं. थोडी अंडी ओल्या फडक्यात घेऊन धारेत नेऊन पुरली — जगतील का, देव जाणे. हातात घेतली की सगळीच नाजूक वाटतात. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले.

"काय हो बाई, दगडांना पाणी घालताय? कोंब फुटणार का?"

मीही हसले. काय करणार!

१६ मार्च, रविवार

अंडी पांढरी पडली — मेली. धारेत पुरलेलीसुद्धा.

१७ मार्च, सोमवार

साहेब खुशीत. याच नदीच्या वरच्या धरणाखाली पाणी थंड, तिथले पट्टेरी उशिरा अंडी घालतात — येत्या आठवड्यात. तर तिथेही "आपल्या पद्धतीने" पाणी वाढवायचं! आणि शिकवायला कोण जाणार? दादा! "तुमच्या बंधूंचं कौतुक करावं तेवढं थोडं," म्हणाले.

मी तिथेही मूग गिळून बसले. निर्लज्ज! एका धरणाखालची अंडी घालवली, आता उरलेलीही घालवणार, आणि तीही भावाच्या हाताने.

उद्या सांगते. आधी दादाला. मग साहेब काय करायचं ते करोत.

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, वहिनीसमोर. ओरडेल वाटलं होतं. नाही ओरडला. वरच्या धरणावर तिथल्या तिथे फोन केला — "पाणी वाढवू नका. अजिबात." मग माझ्याकडे वळला.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

वहिनीने गॅस बंद केला.

"दहा दिवसांचं पाणी बाजूला राखून ठेवलं होतं मी," दादा म्हणाला. "तू मागशील म्हणून."