मीठ आणि लाल किनार

७ जाने., मुलुंड
अस्तराचा मांजरपाट धुतला तर चार बोटं आटला. चडफडले. भांडुपच्या सुशीलाबाई गोधडीचं कापड न्यायला आल्या होत्या, त्या हसल्या. "आत्ता आटला ते बरं, ताई. शिवल्यावर आटता तर पापड झाला असता."
वरच्या थराला नवऱ्याचे, अनंतचे, ऑफिसचे पांढरे शर्ट, निवृत्तीनंतर कपाटातच पडून. कडेला नवी लाल किनार, ही माझी हौस. लेकीचं बाळ मार्चमध्ये.
जाताना सु.बाई: "लाल कापड ओलं करून पांढऱ्यावर घासून बघितलंत?"
म्हटलं, रात्रभर मिठाच्या पाण्यात होतं. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात सिस्टरनी शिकवलंय, मला नका शिकवू. कापड पिशवीत भरून निघाल्या.

२ फेब्रु.
गोधडी आली. लाल दोरा, तांदळाएवढे टाके. डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्या, तरी हे.

४ फेब्रु.
बाळासाठी म्हणून एकदा धुतली. पांढऱ्यावर गुलाबी डाग. वाट लागली. दोरा कच्चा, दुसरं काय. पुरावा राहावा म्हणून तशीच उन्हात वाळवली, फोटो काढून सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. सुशीलाबाईंचा दोरा रंग सोडतो, सांभाळा.
तिसऱ्या आणि सातव्या मजल्यावरच्या दोघींनी त्यांना दिलेलं काम परत मागवलं. बरं वाटलं.

५ फेब्रु.
अनंत चहा पिताना: "टाक्यांपाशी डाग नाहीत गं. सगळे किनारीला लागून आहेत."
"तू गप्प बस रे."
तो फिरायला गेल्यावर ओला रुमाल घेतला. दोऱ्यावर घासला, स्वच्छ. किनारीवर घासला आणि रुमाल लाल.
पन्नास वर्षं मीठ घालतेय. आजवर कापडंच चांगली मिळाली असणार.

६ फेब्रु.
फोन केला. माझं अर्धंच बोलून झालं होतं. "दोरा मी आधी उकळून घेते, ताई. तो रंग सोडणार नाही, मला माहीत होतं." मग: "वाळवलीत?"
हो म्हटलं.
"ओली असती तर डाग सहज निघाला असता. आता जड जाईल." जरा थांबून: "कापडाचं बघू. ग्रुपवर माझं नाव वाळत घातलंत, त्याचं काय?"
ग्रुपवर लिहिते, म्हटलं.

७ फेब्रु.
ग्रुपवर लिहायला तासभर. आधी 'गैरसमज झाला' लिहिलं. कोणाचा, ते खुबीने गाळलेलं. खोडलं. शेवटी: किनार माझी, चूक माझी, सुशीलाबाईंचा दोरा पक्का. सगळ्यांनी वाचलं. एकीने जोडलेले हात पाठवले. कामाचं कोणी बोललं नाही.
किनार उसवून टाकली, नाहीतर पाण्यात येतो तो रंग तिचा की डागाचा, कसं कळणार? गोधडी गरम साबणाच्या पाण्यात बुडवली. तिसरं पाणीही गुलाबी. म्हणजे डाग सुटतोय.
संध्याकाळी सातव्या मजल्यावर स्वतः गेले, काम सु.बाईंना परत द्या म्हणायला. तिने दारातच ऐकून घेतलं. "बघते," म्हणाली.
घरी येऊन चौथं पाणी भरलं.