अण्णांच्या नावावर खपवलेला रस्ता

अण्णा, तुमच्या जावयांना मी सायकलवर बसवलं, आणि त्यासाठी तुमचं नाव वापरलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. झालं असं की डॉक्टरांनी यांना सांगितलं, गोळ्या वाढवायच्या की रोज सायकल चालवायची ते ठरवा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत यांनी गोळ्या ठरवल्या होत्या. हा माणूस कोपऱ्यावरून दूध आणायला मोटारसायकल काढतो, तुम्हाला ठाऊकच आहे. महिनाभर शाळेच्या मैदानावर मी मागून कॅरिअर धरून पळाले तेव्हा कुठं तोल सापडला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. वर अट घातली, "एकदाच येतो. रस्त्यात एक जरी ट्रक अंगावर आला तर सायकल विकून टाकीन." मला हा माणूस अजून बरीच वर्षं हवाय अण्णा. म्हणून बिनट्रकचा रस्ता शोधायला बसले.

आणि रस्ता म्हटलं की तुम्ही. कारखान्याचे चिटबॉय, कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार त्याच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवर शेतोशेत फिरायचात. केजपासून युसूफ वडगावापर्यंतची एकही गाडीवाट तुम्ही सोडली नसेल. पण तुम्हाला कुणी रस्ता विचारला की तुम्ही सांगायचा नाहीत, उलट विचारायचात, "कवा जायचंय?" मला लाज वाटायची. एकदा परळीचे पाहुणे ओसरीवर बसलेत, मी चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि तुमचं तेच चाललंय. मी आतूनच ओरडले, "अण्णा, सरळ सांगा ना. काऊन छळताय त्यांना?" तुम्ही दारात येऊन म्हणालात, "तू तुझ्या भाकरीकडं बघ, करपायली." खरंच करपली होती. मी ती उलटायला धावले, आणि 'कवा' कशाला ते विचारायचं राहूनच गेलं.

गणपती उठल्यावर मी एकटीच स्कूटीवर रस्ता बघून आले. सगळं बघितलं. चढ नाही, दर थोड्या अंतरावर चहाचं हॉटेल, कुत्री गरीब, लिंबाची सावली, शेवटी धरणाच्या पाण्याची कड. दीड तासात दोन मोटारसायकली आणि एक मेंढ्यांचा कळप भेटला. घरी आल्यावर हे म्हणाले, "कुणी सांगितला हा रस्ता?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "अण्णांनी. लहानपणी." लग्नात मोटारसायकलच्या जागी तुम्ही सायकल दिलीत, तेव्हापासून यांनी तुमचं नाव टाकलं होतं. पण रस्त्यातलं तुम्हाला कळतं, हे त्यांनाही मान्य. "मग ठीक हाय," म्हणाले. तरी चालढकल केलीच. पितृपक्षात नवं काम नको, म्हणजे तुमचीच आडकाठी. मग दसरा, मग दिवाळी, मग डोक्यावरची टोपी मनासारखी मिळेना. निघालो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता.

कॅनॉल ओलांडून आत वळलो आणि समोरून ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस लोंबतोय, गाणी लावलेली. तो गेला की दुसरा, त्याच्यामागं तिसरा. माझ्या सगळ्या निवांत वाटा कारखान्याला जाऊन मिळत होत्या अण्णा, आणि कारखाना महिन्यापूर्वी सुरू झाला होता. चिटबॉयच्या पोरीला एवढं कळू नये? हे सायकलसकट तुरीत शिरले आणि कमरेएवढ्या तुरीत, डोक्यावर लाल टोपी घालून, उभे राहिले. तिथं मला तुमचं "कवा जायचंय" ऐकू आलं.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. "काका, ह्या दिवसांत ह्या रस्त्यानं सायकली? कुणी सांगितलं तुमाला?"

हे म्हणाले, "माझ्या सासऱ्यानं."

"सासऱ्याचं अन् तुमचं बरं न्हाई का?"

मला वाटलं, संपलं. आता सायकल विकायची आणि गोळ्या वाढवायच्या. पण हे ताठ झाले. "नीट बोल. त्यांच्याएवढे रस्ते ह्या तालुक्यात कुणाला ठावं नव्हते. आमीच चुकीच्या महिन्यात आलो." ट्रॅक्टरवाल्यानं हसून एक ऊस मोडून दिला. आम्ही बांधावर बसून तो खाल्ला. माझे डोळे भरून आले होते, मी धुरळ्यावर ढकललं. थोड्या वेळानं हेच म्हणाले, "अट ट्रकची होती. ट्रक एकबी आला न्हाई. चल, पाण्यापस्तोर जाऊ."

आता रोज सकाळी दूध सायकलवर येतं. गल्लीत जो भेटेल त्याला हे सांगतात की कारखाना बंद झाला की सासऱ्यांच्या रस्त्यानं परत जायचंय, लई झकास रस्ता हाय. हे पत्र मी शिलाई मशीनच्या खणात दोऱ्यांखाली ठेवणार आहे, तिथं यांचा हात जात नाही. रस्ता मी काढला होता, हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ते आता सायकल सोडायचे नाहीत, एवढं मला कळतं. पण इतक्या वर्षांनी या घरात रोज सकाळी तुमचं नाव निघतंय अण्णा. तेवढ्यासाठी गप्प आहे.