खिचडीच्या खोलीतली भिंत

धावडा, ता. भोकरदन
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दैवशाला,

अक्काचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची हाताला सवय आहे. आज ती ओळ गाळते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू मला म्हणाली होतीस, "अक्का, उलटं दिसलं तरी चालण्यावरून माणूस कळतंय की." तेव्हा मी शाळेतल्या पोरांसाठी बुटाच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडून आणि समोर तेलकट कागद लावून कॅमेरा केला होता. तू पदर डोक्यावरून ओढून त्यात पाहिलंस. कागदावर माझा भाऊ वैरणीचा भारा घेऊन उलटा चालत येत होता आणि तू हसलीस. कल्याण गेला त्याला आता पाच वर्षं होतील. तू दुसरं लग्न होऊन परतूरला नव्या घरी गेलीस त्यालाही तीन झाली. ते वाक्य मात्र मला हल्ली रोज आठवतं.

मध्ये मी फोन केला होता. तुझ्या घरच्यांनी उचलला आणि राँग नंबर म्हणाले. म्हणून हे पत्र अकबरबींजवळ देतेय. लेकीकडे परतूरला आल्या की त्या तुझ्याच हातात देतील.

आधी बातम्या सांगते. आईचे गुडघे धरलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, पण बोलणं तसंच आहे. मी अजून त्याच शाळेत. शाळा सुटल्यावर तासभर पोरांचा प्रयोगवर्ग घेते. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल करायचा, जुन्या स्पीकरचं चुंबक मातीत फिरवून लोखंडाचा कीस गोळा करायचा, असलं काहीबाही. तुझी आकांक्षा सगळ्यांत पुढे असते. तारेचं प्लास्टिक दातानं सोलते, कितीदा रागावले तरी. तिची आणि अकबरबींच्या नातीची, कहकशाची, जोडी आहे. दोघी एका डब्यात जेवतात.

शाळेची जुनी खिचडीची खोली तुला आठवत असेल. नवं शेड झाल्यापासून ती रिकामीच होती. डिसेंबरात मी ठरवलं की या वेळी खोक्याऐवजी अख्खी खोलीच कॅमेरा करायची. मिरचीच्या प्लॉटवरचा उरलेला काळा मल्चिंग पेपर पोरांनी आणला, तो दाराला आणि झरोक्यांना लावला. खिडकीला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आणि त्याला हरभऱ्याएवढं भोक पाडलं. ती खिडकी उगवतीकडे आहे, त्यामुळे चारनंतर समोरच्या रस्त्यावर स्वच्छ ऊन असतं. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि भिंतीवर गाव उतरतं. वर रस्ता, खाली आभाळ, लिंबाचं झाड शेंडा खाली करून लोंबकळलेलं, एसटी छताला चिकटून जाणारी. पोरं हसून लोळली. कहकशा म्हणाली, सरपंच उलटे झाले तरी मोबाईलवरच बोलून राह्यले.

बाई आधी तिलाच दिसली. लिंबाखाली, जिथं गाडी थांबते तिथं, हातात पिशवी घेऊन उभी. मी म्हणाले, असेल कुणी, गाडीची वाट पाहत असेल. गाडी आली आणि गेली. बाई तिथंच. मी दार उघडून बाहेर आले तर लिंबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं. आत गेले, दार लावलं, अंधाराला सरावले. बाई होती.

मी विज्ञान शिकवते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच गप्प करते. म्हणून सगळं तपासलं. पत्रा बदलला. भोक दुसऱ्या जागी पाडलं. भिंतीला ओल असेल म्हणून पांढरी चादर लावली. शेवटी कहकशाला लिंबाखाली उभं राहायला पाठवलं. ती भिंतीवर उलटी चालत गेली, बाईच्या शेजारी थांबली आणि आम्हाला हात केला. तेव्हा ती बाई जरा बाजूला सरकली, दैवशाला. गर्दीत आपण दुसऱ्याला जागा करून देतो तशी. आतली पोरं भिंतीपासून मागे सरली. कहकशा परत आली ती विचारतच, "मॅडम, झालं का? तिथं तर कुणीच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या पोरांना मी पुन्हा चुंबकाकडे वळवलं. आकांक्षाला वळवता आलं नाही. वर्ग सुटला की ती त्या खोलीत जाऊन बसते.

ती बाई कोण, हे मी इतका वेळ लिहिलं नाही. एका पायावर भार देऊन, दुसऱ्या पायाचा अंगठा त्यावर घासत आमच्या गावात एकच बाई उभी राहायची.

मला वाटलं, ही नुसती आठवण असेल, डोळे हवं ते पाहतात. मग एका दुपारी आकांक्षा अंधारात म्हणाली, "आत्या, आईला बाळ व्हनार हाय." मी तिला रागावले. पुढच्या आठवड्यात अकबरबी परतूरहून आल्या आणि ओट्यावर बसता बसता म्हणाल्या, "पेट से है तुमारी भावज. सातवां लगा." तोवर आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

म्हणजे भिंतीवर येतेस ती आत्ताची तू आहेस. खरं सांग, चारनंतर तू आडवी पडतेस का? डोळे मिटले की कुठे असतेस? संक्रांतीच्या सुमाराला काही दिवस आली नाहीस. तेव्हा तुझ्याकडे पाहुणे होते, असं अकबरबी म्हणाल्या.

आणि तू पुढे येतेयस. लिंबापासून हापशापर्यंत आलीस, हापशापासून शाळेच्या फाटकापर्यंत. भोकाजवळ येईल तसं चित्र मोठं होतं, हे मीच पोरांना शिकवलंय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मागच्या महिन्यात आकांक्षानं विचारलं, भोक मोठं केलं तर मला त्यातून जाता येईल का? मी म्हणाले, मोठं केलं की चित्र पुसट होतं. तिनं जरा विचार केला. "मंग मलाच बारीक व्हावं लागंल."

पोरगी बोलली, झालं, असं मला वाटलं. पण तिची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. आता डब्यातलं सगळं ती कहकशाला देते. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. भोकरदनच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं, ते मोरीत ओतते. रडत नाही, हट्ट करत नाही. फक्त रोज त्या खोलीतून निघताना पत्र्याच्या भोकाला करंगळी लावून पाहायची. आधी नखाशीच अडायची. मग एके दिवशी पेरापर्यंत गेली.

मी तिला घेऊन तुझ्याकडे यायला निघाले होते. तिनं स्टँडवर खांब धरला. "आई इथं येऊन राह्यली. मी तिकडं गेल्यावर ती कुणाला पाहील?" कंडक्टरनं दोनदा बेल दिली आणि गाडी गेली.

मग मी खोलीच मोडली. कागद फाडला, पत्रा काढला, खिडकी उघडी टाकली. दुसऱ्या दिवशी आकांक्षा शाळेतून आली, घराचं दार लावलं आणि फटींत कपडे कोंबले. पत्र्याच्या दाराला खिळ्याची भोकं कमी नसतात. आईच्या खाटेमागच्या भिंतीवर आमचं अंगण उलटं उतरलं, आणि अंगणात तू.

आई उठून बसली. कितीतरी वेळ पाहत राहिली. मला वाटलं, मोतीबिंदूमुळे तिला दिसत नसेल. मग ती म्हणाली, "म्या तिला ह्या गावात पाय ठिवू नको म्हणलं व्हतं. बघ की, ठिवला न्हाई."

तेव्हा मी नीट पाहिलं. अंगणात कोंबडी होती, तिचे पाय मातीला लागलेले. तुझ्या चपला आणि माती यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक पट्टी होती.

तू निघालीस त्या दिवशी आईनं तुझा हात आकांक्षाच्या डोक्यावर ठेवायला लावला होता. परत या गावात पाय ठेवणार नाही, असं तुझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी दारातच होते. तू शपथ पाळलीस. आईला मी म्हणाले, ती शपथ सोडव. ती म्हणते, लेकराच्या डोक्यावर घेतलेली शपथ कुणाला सोडवता येत न्हाई. तेव्हापासून ती भिंतीकडे पाठ करून निजते. तुलाही तिच्यासारखंच वाटतं, मला ठाऊक आहे. इथं पाय टेकलास तर पोरीच्या जिवाला काही होईल, म्हणून तू येत नाहीस. आणि न येता तुला राहवतही नाही.

काल भिंतीवर अंगण दिसलंच नाही. भिंतभर नुसता हिरवा रंग होता, साडीचा असावा. तू अगदी दाराला लागून उभी होतीस. मी धावत जाऊन दार उघडलं. ऊन होतं, कोंबडी होती. मागे वळले तर आकांक्षा माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिच्या हातातलं काही हिसकावून घेतलंय.

ये, दैवशाला. गाडीनं ये, भर दिवसा, पोट घेऊन ये. दारात आलीस की चपला काढ आणि दोन्ही पाय मातीत टेकव. तिला ते पाहू दे. शपथेचं जे काही व्हायचं असेल ते माझ्यावर येऊ दे, असं मी देवापुढे बोलले आहे. मला मूल नाही, मी ते बोलू शकते.

तू नाही म्हणशील. अकबरबींना मी सांगितलंय की तिथं बसून उत्तराची वाट पाहू नका. तरी मागते. मोड ती शपथ.

तुझ्या लेकीला रोज उचलून पाहणारी,
अक्का