उसनं मांडलेलं घर

याडी,

आज आर्णीच्या पलीकडच्या एका तांड्यावर गेलते आणि तिथं परक्या माणसांपुढे तुझी गोष्ट सांगून बसले. तू असतीस तर आईच्या हक्कानं आधी पाठीत धपाटा घातला असतास आणि मग विचारलं असतंस, "काहून सांगतली?" म्हणून लिहून राह्यले. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, उगाच हसू नकोस. माझं काम तुला कधी पटलं नाही. "लोकायची गरिबी पाहाची नोकरी हाय म्हने तुही!" असं तू येईल-जाईल त्याला सांगायचीस. पण ती आहेच तशी. खेड्यातल्या, तांड्यावरच्या गरजू मुलींना यवतमाळला वसतिगृहात ठेवून शिकवणारी आमची संस्था. मुलगी निवडण्याआधी घर पाहायला जायचं, घरात काय आहे आणि काय नाही त्याच्या फॉर्मवर खुणा करायच्या. यंदा एकच जागा उरली होती. आजची मुलगी दहावीत तालुक्यात वरच्या नंबरानं आलेली, पण ही जागा हुकली तर दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जाणार. एकदा कोयता हातात आला की पुस्तक परत कोण देतं, सांग.

संस्थेचे एक विश्वस्त, नागपूरचे निवृत्त गृहस्थ, या वेळी स्वतः सोबत आले होते. तांड्याच्या अलीकडे गाडी थांबवून ते फोनवर बोलत बसले, तेवढ्यात मी पुढे निघाले. बोरीच्या झाडामागून ती मुलगी धावत आली. धाप लागलेली, चप्पल एकाच पायात. "मॅडम, घरात जे दिसन ते आमचं नाही. खुर्च्या, कूलर, टीव्ही, काहीच आमचं नाही. याडीले सांगू नका मी सांगतलं म्हणून." एवढं बोलून मागच्या वाटेनं पळाली पण. मी तिथंच उभी राहिले.

एका खोलीचं कुडाचं घर, याडी. त्यात चार लाल खुर्च्या, दाराएवढा कूलर, घडीच्या रेघा न मोडलेली चादर, काचेचे कप. आई नव्या साडीत दारात उभी. "आवो, बेसो," म्हणाली आणि काय तो तिचा चेहरा! पाहुणा येणार म्हटलं की ज्याच्याकडे जे बरं असेल ते उचलून त्या घरी आणायचं, ही तर आपली रीत. गरिबी दाखवायला कोणी पाहुणा बोलावतं का? माझं डोकं तडकलं, पण कोणावर तडकलं तेच कळेना. तिच्यावर, त्या फॉर्मवर, का माझ्यावर.

तूही तेच केलं होतंस. मी सातवीत. तू सकाळपासून घर सारवून राह्यलीस. तांड्याच्या नायकाच्या घरून बाज आणतेस, पितळेचे तांबे आणतेस, कोणाकडून तरी भिंतीवरचं घड्याळ आणतेस. नवा घेरदार फेटिया नेसतेस, केसांतली चांदीची घुगरी चिंचेनं घासून लखलखीत करतेस. आणि शिकवायला मुली निवडणारे शहरातले लोक येण्याच्या तासभर आधी शाळेच्या बाई येतात. यवतमाळच्या, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्या घरातल्या. दारातूनच कडाडतात, "अहो, हे काय लग्नघर आहे का? एवढा थाट पाहून कोण मदत करेल पोरीला?" बाज गेली, तांबे गेले, घड्याळ गेलं. मग बाई वळून तुझ्या डोक्याकडे बघतात. "ती चांदीसुद्धा काढा." आपल्यात बाई घुगरी कधी उतरवते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बा तिथंच दाराशी उभा होता, धडधाकट. तू त्याच्याकडे पाहिलंस. त्यानं मान खाली घातली. तू घुगरी उतरवलीस, फडक्यात बांधलीस आणि डोक्यावर पदर असा ओढलास की मला तुझा चेहराच दिसेना. माझी निवड झाली. तेव्हा तू ओठ शिवून घेतलेस, पण पुढे आयुष्यभर जीभ चालवलीस. "जित्या नवऱ्यापुढं मले रांडमुंड केलं त्या बाईनं." बा पुढे खूप वर्षं जगला, घुगरी त्याच संध्याकाळी परत केसांत गेली, पण तू बाईंना माफ केलं नाहीस. माझ्या लग्नात त्या आल्या तर तू त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाहीस. मी मधे उभी होते, आणि गप्प होते.

तर आज. साहेब येऊन लाल खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि एकेक खूण करत सुटले. "मॅडम, कूलर आहे यांच्याकडे." आई पटकन म्हणाली, "हाव साहेब, आमचाच हाय." "टीव्हीसुद्धा?" "तो बी आमचाच." दारात अर्धा तांडा जमलेला. मुलगी चुलीजवळ उभी राहून नखं खात होती आणि डोळे माझ्यावर. साहेब हळूच मला म्हणाले, "आपल्याला खरोखर गरजू मुलगी हवी हो." पेन शेवटच्या रकान्यावर आलं होतं. खरं सांगावं तर ही बाई साऱ्या तांड्यासमोर खोटी पडते, आणि गप्प बसावं तर पोरगी जाते. मग मी बोललेच. "साहेब, मी अशाच तांड्यावरची." आणि तुझं सांगितलं, याडी. बाज, तांबे, घड्याळ, सगळं. या घराबद्दल एक अक्षर बोलले नाही. ते ऐकत होते, ऐकता ऐकता त्यांची नजर खुर्चीच्या हातावर गेली. तिथं खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याचं नाव रंगवलेलं होतं.

"मग तुमची निवड कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या बाईंनी सगळं काढायला लावलं. याडीच्या केसांतली घुगरीसुद्धा."

दारातल्या बायकांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. त्या आईचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यातल्या पोतीकडे गेला. साहेबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी चष्मा काढला, फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "दुसरा फॉर्म आहे का मॅडम? हा माझ्याकडून चुकला." आई म्हणाली, चहा घेतल्याबिगर जायचं नाही. आम्ही चहा घेतला. मुलगी निवडली, याडी. तिनं कप गोळा करताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला बरं वाटलं.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "फार कठोर होत्या हो तुमच्या बाई." मी म्हटलं, हो. चाळीस वर्षं मी हेच म्हणत आले, तुझ्यापुढेही. हे पत्र कुठं टाकणार, ते उशाखालच्या पेटीतच राहील, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दिवशी बाईंना शाळेतून बोलावून आणलं ते मी. आणि त्यांनी चांदीचं नावही काढलं नव्हतं, त्या तर निघाल्या होत्या. मीच त्यांचा पदर ओढून कानात सांगितलं, बाई, याडीच्या केसांत चांदी आहे. ती कधी उतरवतात, हे मला ठाऊक होतं.