बावीस गंज्या

एरच, ८ एप्रिल २०२४

तीर्थरूप दादांस अनुसूयेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानयंत्र तुम्ही लावणार नाही, म्हणून बसवाल्या भैयांच्या हाती पत्र. गहू निघाला. शेजारचे विक्रमजी नरवाई, म्हणजे कापणीनंतरचे खुंट, जाळताहेत. त्यांच्या बांधापासून आमच्या घरापर्यंत काडाच्या बावीस गंज्या आहेत.

काल त्यांची आग शेताच्या मधेच विझली. घटकाभराने वारा सुटला, आणि ती पार पलीकडच्या बांधावर उठली. मधली जागा कोरीच. मला ते बघवलं नाही.

अर्धांगापासून यांना हलवायला चार माणसं लागतात. चार दिवस शाळेत राहू म्हटलं, तर म्हणतात, दादांनी सांगितलं तरच. तेव्हा काय ते तुम्हीच लिहा.

तुमची अनुसूया

लक्ष्मी गेट, झाशी, १० एप्रिल

चि. सौ. अनुसूयेस अनेक आशीर्वाद.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तीस वर्षं भट्ट्यांपाशी नोकरी केली, आग मला शिकवू नकोस. तरी आज चौकात काडाच्या जुड्या वीत-वीत अंतराने मांडून पहिली पेटवली. दुसरी नुसती कोमट झाली. तुझी वहिनी सुनीता धुराने वैतागली, ते वेगळं. तुमच्या गंज्यांत आठ पावलांचं अंतर आहे. रामकृष्णरावांना हलवू नकोस, उगाच हाल. त्यांना हे पत्र वाचून दाखव.

कमलाकरदादा

झाशी, १२ एप्रिल

चि. सौ. अनुसूयेस आशीर्वाद.

माझं चुकलं. सुनीता म्हणाली, चहूकडून घरं असलेल्या चौकात वारा येणार कुठून? म्हणून आज जुड्या गच्चीवर मांडल्या. एक पेटती काडी उडाली, तीन जुड्यांवरून गेली आणि चौथी भडकली. मधल्या तिन्ही शेवटपर्यंत तशाच. रावांना आजच्या आज हलव. आधीचं पत्र फाडून टाक.

दादा

एरच, १६ एप्रिल

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

तुमचं दुसरं पत्र तेरा तारखेला दुपारी आलं. यांना ते खोटं वाटलं. पहिलं मुठीत धरून भांडत होते. विक्रमजींनी आणि तिघांनी खाटेसकट शाळेत नेलं. चार वाजता वारा उठला. शाळेच्या ओसरीतून सगळं दिसत होतं. विक्रमजींच्या धुमसत्या नरवाईतल्या ठिणग्या गंज्यांवरून आल्या, एकीवरही टेकल्या नाहीत, आणि आमच्या खपरेलीच्या कौलांखाली शिरल्या. बाहेर ज्वाळ नाही, आवाज नाही. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर आला. अर्ध्या तासात घर गेलं.

बावीसच्या बावीस गंज्या उभ्या आहेत.

हे घराकडे बघतच नाहीत. दिवसभर गंज्या मोजतात आणि म्हणतात, एकही जळली नाही, मग घर कसं जळेल? दादांचं गणित चुकत नाही, मला घरी ने. काल घरी जायला म्हणून खाटेवरून सरपटत उतरले, कोपर फुटलं. दादा, मला तुमचा राग आला होता. आता फक्त भीती वाटते. मी सांगून थकले. हे तुमच्याखेरीज कोणाचं ऐकत नाहीत. यांच्यासमोर बसून, तुमच्या तोंडाने सांगा की तुम्ही चुकलात.

लोभ आहेच, तो या खेपेस पत्रातून नको, पहिल्या बसने घेऊन या.

अनुसूया