सरळ चाललेली टिंबं

पप्पा, मला बाजूला घेऊन सांगायला काय झालं होतं तुम्हाला? दहा वर्षं मी एवढंच म्हणतोय. घरी सांगायचं, जेवताना सांगायचं, सायकलवर मागे बसलो होतो तेव्हा सांगायचं. कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. पण नाही. गेटवर टेम्पो उभा, हमाल खोके चढवतायत, कंपनीचं अख्खं शॉप बघतंय, आणि तुम्ही हातातला कागद वर धरून बोललात, "ही शीट खोटी आहे. माझ्या पोराने भरलीय. माल उतरवा." माझं नाव घेतलं असतं तरी बरं. माझा पोरगा म्हणालात, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं की मी कोणाचा.

आता तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी अजून भांडतोय. एकट्यानेच. रुद्रपूरला असतो मी, उत्तराखंडात. आज रविवार, दुपार आहे, खोलीतले दोघं बिहारवाले बाजारात गेलेत आणि बाहेर अजून धुकं आहे. इथे मराठी बोलायला कोणी नाही. आईशी रविवारी फोनवर बोलतो तेवढंच, आणि तीही पाच मिनिटांत "बॅलन्स जाईल तुझा" म्हणून ठेवते. बॅलन्स असा जात नाही हे तिला किती वेळा सांगितलं. कधी कधी आंघोळ करताना मुद्दाम मोठ्याने दोन वाक्यं मराठीत बोलतो, कशाबद्दल पण. बिहारवाल्यांना वाटतं मी कोणाला तरी फोनवर शिव्या देतोय.

तुमच्या कंपनीतून निघाल्यावर मी वापी केलं, राजकोट केलं, मध्ये सात महिने बडोद्याला गाड्या धुतल्या. कुठे धड वर्षभर टिकलो नाही. तुम्ही म्हणायचात, "ह्याच्या पायाला चाकं लावलीत." नववीला दोनदा बसलेल्या पोराला काय काम मिळणार? आणि शेवटी मिळालं ते कुठलं, तर तुमचंच. बुशचंच, त्या बोटभर लोखंडी नळ्यांचं. दर तासाला मशीनवरून पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरने मोजायचे, पाचांचा एव्हरेज काढायचा आणि कागदावर एक टिंब द्यायचं. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ, मधे टिंबं; टिंब रेघेबाहेर गेलं की मशीन थांबवायचं. पहिल्या दिवशी इथल्या साहेबाने विचारलं, "ये चार्ट समझता है?" मी म्हणालो, समझता है. कुठे शिकलास विचारलं तर बोललो, घर पे.

खोटं नाही ते. आपल्या कॅम्प चारच्या खोलीतच शिकलो. तुम्हाला कंपनीने दोन दिवस हा चार्ट शिकायला बसवलं होतं आणि तुम्ही ते घरी घेऊन आलात, जसं दुसरे लोक मिठाई आणतात. खालच्या सिंधी दुकानदाराचा वजनकाटा उचलून आणलात. तो दुकानदार जिन्यातून ओरडला, "साईं, अब रोटी का धंदा खोल रहे हो क्या?" आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, तिच्या हातून गरम भाकरी घेऊन तुम्ही काट्यावर ठेवताय, मी वहीत आकडे लिहितोय. पाच भाकऱ्या झाल्या. तुम्ही कॅल्क्युलेटर काढून गंभीर चेहरा केलात. "हिचा एव्हरेज चांगला आहे. पण रेंज बघ. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकी, केवढा फरक." आई मागे न बघता म्हणाली, "मग ताटात एव्हरेज वाढते. भाकरी मागू नका." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग मला सांगितलंत, दोन आकडे लक्षात ठेव, एक सांगतो मशीन कुठे आहे आणि दुसरा सांगतो मशीन कसं आहे. एकट्या एव्हरेजवर कधी विश्वास ठेवू नको. दुसऱ्या दिवशी आईने काय केलं, तर डब्याचं झाकण दाबून पाचही भाकऱ्या गोल कापल्या, एकसारख्या. तुम्ही एक हातात घेतलीत, फिरवून बघितलीत आणि म्हणालात, "ही तू केलेली वाटतच नाही." वांगणीकडच्या पाड्यातली बाई, शाळेची पायरी न चढलेली, तिला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. मला नाही कळलं.

आनंदनगरला तुमच्या कंपनीत तुम्ही साहेबांच्या पाया पडून मला चिकटवलंत. शॉपमध्ये तुम्हाला सगळे टिंबवाले म्हणायचे. मी आलो तर चहावाला मला टिंबवाल्याचा म्हणायला लागला. "टिंबवाल्याचा, कप ठेव जागेवर." मला त्याचीच लाज वाटायची. माणूस पंधरा वर्षं मशीनच्या गावात राहतो आणि करतो काय, तर टिंबं देतो. त्या दिवशी एक चेकर सुट्टीवर होता म्हणून त्याच्या मशीनची शीट माझ्याकडे दिली. पहिले दोन तास मी नीट मोजलं. मग कंटाळा आला. कंटाळा म्हणजे काय ते तुम्हाला कधी माहीतच नव्हतं. रिकाम्या क्रेटच्या मागे बसून मोबाइलवर मॅच बघत होतो आणि तास भरला की पाच आकडे डोक्यातून लिहून टाकत होतो. सोपं असतं ते. कालची शीट समोर असते, तिच्या आसपासचे लिहायचे. एकही लाल रेघेजवळ जाऊ द्यायचा नाही. मला वाटलं, किती सुंदर शीट झालीय, उलट शाबासकी मिळेल.

तुम्ही आलात तेव्हा टेम्पो अर्धा भरला होता. शीट हातात घेतलीत आणि जास्तीत जास्त एक मिनिट बघितलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. बिनमधून पन्नास नग काढून स्वतः मोजायला बसलात. अकरा बाद निघाले. मशीनचं कापणारं टूल सकाळपासून झिजत होतं, नग जाड जाड होत चालले होते आणि माझ्या कागदावर टिंबं शाळेतल्या प्रार्थनेच्या पोरांसारखी एका रांगेत उभी होती. मग ते झालं जे झालं. माल उतरवा. मशीन लावणारा एक सेटर हसत म्हणाला, "अरे, ये बाप है के इन्स्पेक्टर?" सगळे हसले. मी गेटबाहेर निघून आलो. तुम्ही आत बसून संध्याकाळपर्यंत चौघांबरोबर नग निवडत होतात. घरी आलात, हात धुतलेत. आईने विचारलं, "आज उशीर? काय झालं?" तुम्ही म्हणालात, "टूल झिजलं होतं." बस. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मला त्याचाही राग आला. पंधरा दिवसांनी मी वापीची गाडी पकडली आणि पुढच्या दोन वर्षांत तुमच्याशी फोनवर जे बोललो ते सगळं मिळून एक कप चहा संपेपर्यंतचं असेल. मग एका सकाळी शिफ्टला निघताना तुम्ही जिन्यात बसलात ते उठलाच नाहीत. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

आता हे का लिहितोय ते सांगतो. इथे माझ्या शिफ्टला एक चाचा आहेत. बरेलीचे, साठीला आलेले, ठेक्यावरचे. मी शिफ्टचा इनचार्ज, हसू नका, म्हणजे शीटवर सही माझी असते. चाचा मला बेटा म्हणतात, डब्यातलं लोणचं देतात, इथे माझ्याशी कामाशिवाय बोलणारा तेवढा एकच माणूस. गेल्या सोमवारी त्यांची शीट हातात आली. टिंबं सरळ चालली होती. मी खालचे आकडे बघितले. पाच आकड्यांत एकदासुद्धा तोच आकडा लागोपाठ नाही, कुठे अचानक उडी नाही, प्रत्येक तासाला रेंज तेवढीच. पप्पा, खरं मोजलेलं असं नसतं. खरं मोजलं की एकच आकडा कधी तीनदा येतो, मग एक वेडावाकडा येतो, की बघणाऱ्याला वाटतं हा खोटा असेल. माणूस डोक्यातून लिहितो तेव्हा त्याला वाटतं तोच आकडा परत लिहिला तर लोकांना संशय येईल, म्हणून तो बदलत राहतो, थोडा थोडा, सांभाळून. हे मला कोणी शिकवलं नाही. मी स्वतः केलंय म्हणून कळतं.

सोमवारी मी सही केली. मंगळवारी पण केली. बुधवारी पण. लोणचं खात होतो आणि सही करत होतो. मला वाटत होतं, या म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत उभं करणार नाही, माझ्याबरोबर जे झालं ते मी कोणाबरोबर करणार नाही. फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटत होतं मला. गुरुवारी राहवलं नाही. चाचा जेवायला गेले तेव्हा त्यांच्या बिनमधले पन्नास नग मोजले. चौदा बाद. आणि सोमवार-मंगळवारचा माल तर ट्रकवर चढून गेला होता. हा बुशही दुचाकीच्या ब्रेकच्या पेडलमध्येच जातो, तुमच्या कंपनीतल्यासारखाच. तो कोणाच्या पायाखाली येणार ते आपल्याला माहीत नसतं, असं तुम्ही म्हणायचात.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. माल गुपचूप थांबवता येत नाही. मशीन बंद करायचं म्हणजे सेटरला सांगायचं. खोके उघडायचे म्हणजे पॅकिंगवाल्यांना सांगायचं. पहिला माणूस विचारतो, क्यूं? आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. मी शॉपच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, मशीन बंद करा, ही शीट खोटी आहे. चाचा दारातून येत होते, हातात धुतलेला डबा. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. साहेब आला. "कब से?" मी म्हणालो, "सोमवार से, सर. मुझे सोमवार से दिख रहा था." साहेब म्हणाला, "तो सोमवार को मुंह में क्या था?" मी काय सांगणार, लोणचं होतं?

चाचांनी सगळ्यांसमोर एकच सांगितलं, "माइक्रोमीटर की लकीरें दिखती नहीं अब. अंदाजे से भर देता था. तीस साल का अंदाजा है साब." कोणी हसलं नाही. मला वाटलं निदान हसतील. त्यांना काढलं नाही, पॅकिंगला टाकलं, पगार कमी. काल चहाच्या वेळी मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. त्यांनी डबा उघडला, लोणचं काढलं नाही. चहा संपवून ग्लास ठेवत म्हणाले, "अकेले में पूछ लेते बेटा." आणि उठून गेले.

पप्पा, हेच वाक्य मी दहा वर्षं तुम्हाला ऐकवतोय. आणि काल ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला आनंदनगरचा तो दिवस पहिल्यांदा पूर्ण आठवला. मी नेहमी मधूनच आठवतो, टेम्पोपासून. त्याच्या आधीचा तुकडा मी कोणालाच सांगितलेला नाही, आईला पण नाही, वापीच्या मित्रांना दारू पिऊन ही गोष्ट सांगायचो तेव्हा पण नाही. दीडच्या चहाला तुम्ही येऊन माझ्याजवळ पायरीवर बसला होतात. आजूबाजूला कोणी नव्हतं. येता येता तुम्ही शीट बघितली असणार. तुम्ही हळूच विचारलंत, "मोजतोयस ना रे?" मी म्हणालो, "मोजतोय की." तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "परत एकदा मोज. मी तासाभराने येतो." तुम्ही मला एक अख्खा तास दिला होता. मी परत जाऊन मॅच लावली.

तुम्ही मला एकट्यात विचारलं होतं. चार दिवस हातात असून मी चाचांना विचारलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून गादीखाली जाईल. उद्या चाचांकडे जाईन, बोलले तर बोलले. आईचा फोन अजून व्हायचाय. साहेबाने माझा या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापलाय. तिला दर महिन्याला नऊ हजार पाठवतो. ती विचारेल काय झालं, आणि टूल झिजलं होतं असं मी सांगणार नाही, जे झालं ते सांगेन, पायरीवरच्या चहासकट. या वेळी पाठवतोय ते सहा हजार दोनशे.