मुठीचा भात

सप्तापूर, धारवाड
१२ जुलै २०२४

ती. आईस,
सोनालीचा प्रभूच्या नावे सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तू दर वाक्याला काय, काय करतेस आणि मी ओरडायला लागले की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली विश्रांती पार मोडते, म्हणून हे पत्र. सातवा सरतोय आणि मला पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. आंघोळ-बाथरूमपुरतं उठायचं, बाकी बाळंत होईपर्यंत आडवंच. मागच्या वेळी जे झालं त्यानंतर मी वाद घालत नाही. पण भीती वाटते ग. सकाळी पोटात हालचाल झाली नाही तर दुपारपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

सासूबाई नाहीत, तुझा पाय प्लास्टरमध्ये. रोहितचं तर विचारूच नकोस. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि घरी काल एका दिवसात दोनदा दूध उतू घालवलं. सध्या मेसचा डबा आणतो. त्या डब्यातलं सांबार खाऊन बाळ तिखट निघणार बघ, तुझ्यावर जाईल.

एक सांगायचं राहिलं. आमच्या लुथरन चर्चच्या बायकांचं भगिनी मंडळ आहे ना, त्यांची रीत तुला ठाऊक आहे. भात टाकताना प्रत्येकीने एक मूठ तांदूळ डब्यात बाजूला ठेवायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी एकत्र करून गरजूंना द्यायचे. इथे त्याला हिडी अक्की म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून मीही टाकते. तर या सात तारखेला उपासना संपल्यावर वेणूबाई तीच पिशवी घेऊन आमच्या दारात! सत्तरीची बाई, गुडघे धरत एकोणीस पायऱ्या चढून आलेली. मी पडल्या पडल्या सांगितलं की आमच्या घरात देवाच्या दयेने तांदूळ आहेत, हे एखाद्या गरिबाला द्या. ती "आत बिडव्वा" म्हणजे बरं, राहू दे बाई, एवढंच म्हणाली आणि पाणीही न पिता खाली उतरली. तेव्हापासून मंडळातली एकजण फिरकलेली नाही. आता तूच सांग, माझं काही चुकलं का?

लोभ आहे तो ठेव, आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवू नकोस, कानात घाल.

तुझी,
सोनाली


मिरज
१७ जुलै २०२४

चि. सोनालीस,
आईचे अ. आ.

पत्र वाचलं आणि प्लास्टरच्या पायानिशी धारवाडची गाडी धरून तुझे कान उपटावेसे वाटले. चुकलं का म्हणून विचारतेस? चांगलंच चुकलं! अगं, ती पिशवी तू गरीब म्हणून आली नव्हती, तू अंथरुणाला आहेस म्हणून आली होती. पायऱ्या मोजल्यास, त्या चढून येणारीचं मन नाही बघितलंस.

आता नीट ऐक. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. तू पाच वर्षांची असताना तुझे पप्पा गेले. मी शिवणकामावर होते, त्यात टायफॉइडने दोन महिने झोपले. तेव्हा इथल्या चर्चच्या बायकांनी वर्षभर दर महिन्याला मुठीचे तांदूळ आपल्या दारात आणून ठेवले. त्यावर आपण दोघी जगलो.

त्यात पंधरा घरचे तांदूळ. कुणाचे जुने, कुणाचे नवे, कुणाचे उकडे. एक दाणा शिजेपर्यंत दुसऱ्याचा गाळ व्हायचा. तू कच्चे दाणे बोटाने ताटाच्या कडेला सारायचीस आणि म्हणायचीस, आईला भात जमतच नाही. पुढे तीच तुझी आवडती गोष्ट झाली. तुझ्या लग्नात विहीणबाईंना ती तू हसत हसत सांगितलीस आणि मीही हसले. मला सांगता आलं असतं. पण दुसऱ्यांच्या तांदळावर दिवस काढले हे बोलायची मला लाज वाटायची, आज कबूल करते. तीच लाज न सांगता तुझ्यात उतरली असेल तर तो दोष माझा. पण निस्तरायचं मात्र तुला.

पत्र मिळताच वेणूबाईंना बोलावून घे. उठायचं नाही, रोहितला पाठव. माझी रोजची प्रार्थना तुमच्या तिघांसाठी चालू आहे.

माझ्या पायापेक्षा तुझी काळजी जास्त असलेली,
तुझी आई


सप्तापूर, धारवाड
२६ जुलै २०२४

ती. आईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी रडले की रोहित घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावत होता.

दुसऱ्याच दिवशी तो रायापूरला वेणूबाईंच्या घरी जाऊन त्यांना रिक्षातून घेऊन आला. सोबत मंडळाच्या सेक्रेटरी सविताअक्काही आल्या. मी हात जोडून माफी मागितली, माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडात. सविताअक्कांनी सांगितलं की कुणी रागावलं नव्हतं. मला त्यांचं येणं नको असेल म्हणून त्या लांब राहिल्या. वेणूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं तू मूठ टाकलीस, तेव्हा आम्ही कधी परत पाठवली का ग?

वेणूबाई भांडी धुवायला आत गेल्या तेव्हा सविताअक्कांनी हळूच सांगितलं. वेणूबाई एका खोलीत एकट्याच राहतात. गेली सहा वर्षं त्या याच तांदळावर आहेत. आणि त्यातूनही रोज एक मूठ काढून डब्यात टाकतात. म्हणजे आई, मी ज्या गरिबाला द्या म्हटलं ती माझ्याच दारात उभी होती, आणि तीच मला देत होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आता रोज एकीची स्वयंपाकाची पाळी असते. मेसचा डबा बंद. वेणूबाई निघताना पोटावर हात ठेवून कन्नडात प्रार्थना करतात आणि बाळ नेमकं तेव्हाच लाथ मारतं. मला निम्मेच शब्द कळतात, पण भीती पुष्कळ कमी झाली आहे. प्रभूचे आणि या बायकांचे उपकार किती मानू?

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सोनाली


सप्तापूर, धारवाड
५ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम सलाम, आजीबाई!

फोनवर तुला "मुलगी झाली" एवढंच ऐकू आलं, म्हणून सगळं लिहिते. २८ ऑगस्टला सकाळी झाली. अडीच किलोला थोडी कमी, पण आवाज तुझा आहे. प्लास्टर निघूनही महिनाभर प्रवास नको असं तुझे डॉक्टर म्हणाले तेव्हा मी हिरमुसले होते. पण माझा हात धरायला सविताअक्का होत्या आणि बाहेर वेणूबाई प्रार्थनेला गुडघे टेकून बसल्या होत्या. ते गुडघे पुन्हा सरळ करायला दोन नर्स लागल्या म्हणे.

पहिल्या रविवारी पुन्हा मुठीची पिशवी आली. मी दोन्ही हातांनी घेतली. काल दुपारच्या पाळीची बाई आजारी पडली, म्हणून रोहितने जन्मात पहिल्यांदा भात टाकला, त्याच तांदळाचा. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि बिचारा ओशाळून म्हणाला की बिघडला, निम्मा कच्चा राहिला आणि निम्म्याचा गाळ झाला.

मी म्हटलं, बिघडलेला नाही, माझ्या आईच्या हातचा भात असाच असतो. एकही दाणा कडेला सारला नाही, सगळा खाल्ला.

तू बारा तारखेला येतेस ना? नातीला घेऊन वाट बघतोय. आशीर्वाद आहेतच, ते या वेळी हाताने दे.

तुझी,
सोनाली